रस्ता खोदला, गल्ला आटला: पत्र्यांमागच्या दुकानांचा हिशोब

(या भागात जे बोललं गेलं त्याचं हे लेखी रूप. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय रोज आपल्या डोळ्यांसमोर असतो आणि तरीही त्यावर फारसं बोललं जात नाही. शहरात मेट्रो येते, बीआरटी येते, उड्डाणपूल येतो. त्याआधी रस्ता खोदला जातो आणि पत्रे उभे राहतात. त्या पत्र्यांच्या पलीकडे जी दुकानं असतात, जी घरं असतात, त्यांचं पुढची दोन-तीन वर्षं काय होतं, यावर आज बोलायचं आहे.

जगात बऱ्याच ठिकाणी ही चर्चा ट्रामच्या निमित्ताने होते. ट्राम म्हणजे रस्त्यावरच रूळ, त्यामुळे रस्ता खोदल्याशिवाय ती येतच नाही. आपल्याकडे मुंबईत ट्राम होती. १८७४ साली घोड्यांची सुरू झाली, १९०७ साली विजेवरची आली आणि ३१ मार्च १९६४ ला शेवटची गाडी धावली. पिंपरी-चिंचवडला ट्राम कधीच नव्हती. पण ट्रामचं जे दुखणं आहे ना, ते आपल्याला चांगलंच ओळखीचं आहे. आपल्याकडे त्याची नावं वेगळी आहेत: बीआरटी, मेट्रो, ग्रेड सेपरेटर.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करते. मी मेट्रोच्या विरोधात नाही. निगडीहून पुण्याला रोज बसने आणि दुचाकीने जाणाऱ्या माणसांना मेट्रो हवीच आहे, आणि ती आधीच यायला हवी होती. प्रश्न वेगळा आहे. मेट्रोचा फायदा लाखो लोकांना होतो. ती बांधताना होणारा तोटा मात्र रस्त्याच्या कडेच्या काहीशे दुकानांवर येऊन पडतो. आणि हा तोटा सरकारी हिशोबात कुठल्याच रकान्यात लिहिलेला नसतो.

एकच रस्ता, पुन्हा पुन्हा

आपला जुना मुंबई–पुणे महामार्ग घ्या. दापोडीपासून निगडीपर्यंतचा. या शहराचा कणाच आहे हा रस्ता. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, नंतर टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी पिंपरी कॅम्पात बाजारपेठ वसवली. १९७० ला नगरपालिका झाली, १९८२ ला महानगरपालिका झाली. हे सगळं या रस्त्याच्या आणि रेल्वेच्या आधाराने वाढलं. कंपनी सुटली की माणसं रस्त्यावर येणार, चहा पिणार, भाजी घेणार, सायकलचं पंक्चर काढणार. दुकानं त्या पायवाटेवर उगवली.

आता याच रस्त्यावर काय काय झालं बघा. रस्ता रुंद झाला, मग ग्रेड सेपरेटर आले. मुख्य वाहतूक खालून किंवा वरून जाणार आणि दुकानांसमोर सर्व्हिस रोड राहणार. त्यानंतर बीआरटीच्या मार्गिका आणि थांबे बांधले गेले. थांबे उभे राहिले, पण निगडी–दापोडी बीआरटी प्रत्यक्ष सुरू झाली २०१८ मध्ये. तोवर तयार थांबे कित्येक वर्षं नुसते उभे होते. दरम्यान डिसेंबर २०१६ मध्ये पुणे मेट्रोचं भूमिपूजन झालं आणि त्याच रस्त्यावर मेट्रोचे खांब यायला लागले. ६ मार्च २०२२ ला महापालिका भवन ते फुगेवाडी हा टप्पा सुरू झाला. १ ऑगस्ट २०२३ पासून ती सिव्हिल कोर्टापर्यंत आणि सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटपर्यंत जाते.

आणि आता पुढचा तुकडा: महापालिका भवनापासून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत. अंतर साधारण ४.४ किलोमीटर, मंजूर खर्च सुमारे ९१० कोटी. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, ६ मार्च २०२४ ला भूमिपूजन झालं. चिंचवड, आकुर्डी, निगडी, भक्ती-शक्ती. या सगळ्या नावांच्या चौकांत दुकानं आहेत, दवाखाने आहेत, क्लासेस आहेत.

म्हणजे ज्या माणसाचं या रस्त्यावर वीस वर्षांपासून दुकान आहे, त्याने एकदा नाही, तीनदा आपल्या दारासमोर खोदकाम बघितलं. प्रत्येक योजनेचा अहवाल वेगळा, यंत्रणा वेगळी, ठेकेदार वेगळा. दुकान मात्र तेच आहे.

खांब उभा राहतो म्हणजे काय होतं

काम कसं चालतं ते समजलं की तोटा कुठे होतो तेही समजतं. बाहेरून आपल्याला वाटतं, खांब उभा केला, वरती पूल टाकला, झालं. तसं नसतं.

आधी जमिनीची तपासणी होते. मग चाचणीचे खड्डे घेतात, कारण जमिनीखाली नक्की काय आहे हे कागदावर नेहमीच बरोबर नसतं. पाण्याची लाइन, ड्रेनेज, महावितरणची केबल, गॅसची पाइप, इंटरनेटच्या तारा. खांबाच्या जागेत यातलं जे येईल ते बाजूला सरकवावं लागतं. बाजूला म्हणजे कुठे? बहुतेक वेळा दुकानांच्या बाजूला, सर्व्हिस रोडखाली, फुटपाथखाली. त्यामुळे दुकानासमोरचं पहिलं खोदकाम मेट्रोच्या खांबाचं नसतंच मुळी. ते केबलचं आणि पाइपचं असतं. आणि त्यात चार खाती गुंतलेली असतात. एकाने बुजवलं की दुसरा उकरतो.

त्यानंतर पत्रे लागतात. आत पायलिंग, मग पाया, मग खांब. वरचे काँक्रीटचे तुकडे दुसरीकडे, कास्टिंग यार्डात ओतलेले असतात. ते रात्री ट्रेलरवरून येतात आणि वरती एकाला एक जोडले जातात. हा भाग तुलनेने लवकर होतो. खरा वेळ जातो स्टेशनला. स्टेशन म्हणजे लांबलचक बांधकाम, आणि त्याचे जिने, लिफ्ट रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उतरतात. म्हणजे दोन स्टेशनांच्या मधल्या दुकानदाराला काही महिने त्रास, आणि स्टेशनच्या खालच्या दुकानदाराला त्याच्या कितीतरी पट. दोघांच्या हातात एकच छापील दिलगिरी: ‘आजची गैरसोय, उद्याची सोय’ छापाचा फलक.

सगळ्या दुकानांचं दुखणं एक नसतं

दुकानदार म्हणून सगळ्यांना एकाच मापाने मोजून चालत नाही. माझ्या मते तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार, जाता-जाता थांबणाऱ्या गिऱ्हाइकाचा. चहाची टपरी, वडापाव, रसवंती, पान, रिचार्ज, फळवाला. घरून कोणी ठरवून निघत नाही की आज अमुकच टपरीवर चहा प्यायचा. बसथांबा समोर होता म्हणून माणूस थांबत होता. थांबा दोनशे मीटर पुढे सरकवला की गिऱ्हाईक त्याच्याबरोबर गेलं. या दुकानांचा धंदा आधी पडतो, आणि पत्रे लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात पडतो.

दुसरा प्रकार, ठरवून येणाऱ्या गिऱ्हाइकाचा. डॉक्टर, शिंपी, सोनार, चष्म्याचं दुकान. इथे गिऱ्हाईक लगेच तुटत नाही. जुनं येत राहतं. नवं येणं थांबतं. याचा फटका उशिरा कळतो, आणि भरून यायलाही उशीर लागतो.

तिसरा प्रकार, जिथे गाडी दारात लागल्याशिवाय व्यवहारच होत नाही. प्लायवूड, टाइल्स, सिमेंट, फर्निचर, गॅरेज, टायरचं दुकान, गॅस सिलिंडर. आपल्या पट्ट्यात असली दुकानं खूप आहेत, कारण हा कारखान्यांचा पट्टा आहे. टेम्पो मागे घ्यायला जागा नाही म्हटल्यावर माल उतरणार कुठे? मग हमाल जास्त लावायचे, लांबून माल आणायचा. विक्री कमी आणि खर्च जास्त, अशी दुहेरी मार.

इथे व्यापाऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. आपलं सगळं गिऱ्हाईक चारचाकीतून येतं, पार्किंग गेलं की धंदा संपला, असं बऱ्याच दुकानदारांना वाटतं. अनेक शहरांतल्या पाहण्यांत असं दिसलं आहे की दुकानदार गाडीने येणाऱ्यांचा आकडा वाढवून धरतात आणि चालत, बसने येणाऱ्यांचा कमी धरतात. आपल्याकडे पहिल्या प्रकारच्या दुकानांना पार्किंगपेक्षा बसथांबा, चालायला सलग फुटपाथ आणि रस्ता ओलांडायची जागा जास्त महत्त्वाची आहे. म्हणून नुसतं ‘पार्किंग द्या’ म्हणून भागत नाही. कोणाला काय हवं ते वेगवेगळं मागायला हवं.

तीस टक्के म्हणजे किती?

आता थोडं गणित. घाबरू नका, वहीच्या मागच्या पानावर मावेल एवढंच आहे.

एक काल्पनिक नाश्ता सेंटर धरू. भाड्याच्या गाळ्यात आहे. रोजची विक्री ७,००० रुपये. महिन्याची झाली २,१०,०००. त्यातले साठ टक्के मालाला जातात, म्हणजे १,२६,०००. उरले ८४,०००. आता ठरलेला खर्च: गाळ्याचं भाडं २२,०००, दोन कामगारांचा पगार २८,०००, वीज आणि इतर ६,०००. एकूण ५६,०००. मालकाच्या हातात राहिले २८,०००. त्यात घर चालतं, मुलांची फी जाते.

आता समोर पत्रे लागले आणि विक्री तीस टक्क्यांनी घटली. ऐकताना तीस टक्के काही फार वाटत नाही. विक्री झाली १,४७,०००. मालाचे साठ टक्के गेले, उरले ५८,८००. पण भाडं तेवढंच आहे, पगार तेवढाच आहे. ५६,००० वजा केले. हातात राहिले २,८००.

परत एकदा बघा. विक्री तीस टक्के घटली, पण घरी जाणारे पैसे नव्वद टक्के घटले. अठ्ठावीस हजारांचे अठ्ठावीसशे झाले.

म्हणून ‘थोडा त्रास सहन करा, धंदा पूर्ण बंद थोडाच आहे’ हे वाक्य या दुकानाला लागू पडत नाही. दुकान उघडं असतं, शटर वर असतं, कढईत तेल तापलेलं असतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, चाललंय की. आत मालक एक कामगार कमी करतो, बायकोला काउंटरवर बसवतो, सोनं गहाण ठेवतो, पतपेढीचा हप्ता चुकवतो. दुकान बंद पडलं तर निदान ते दिसतं. असं आतून पोखरलं जाणं कोणाला दिसतही नाही आणि कोणी मोजतही नाही.

कायदा भिंतीपाशी थांबतो

मग याची भरपाई का मिळत नाही? कारण आपला कायदा जमिनीपासून सुरू होतो.

२०१३ चा भूसंपादन कायदा आहे. तुमची जमीन गेली, घर गेलं, गाळा पडला, तर मोबदला आहे, पुनर्वसन आहे. संपादनामुळे ज्यांची रोजीरोटी जाते अशा भाडेकरूंचाही त्यात विचार केलेला आहे. पण तुमची एक वीटही हलली नाही, फक्त समोरचा रस्ता दोन वर्षं बंद झाला, तर कागदावर तुम्ही प्रकल्पबाधित नाही. भिंतीला तडा गेला तर भरपाई मागायला जाता येतं. गिऱ्हाईक आटलं तर हक्काने मागायला सरळ वाट नाही.

फरक कसा पडतो ते याच शहरात दिसलेलं आहे. विकास आराखड्यातल्या एचसीएमटीआर या वर्तुळाकार मार्गाच्या आरक्षणात थेरगाव, काळेवाडी, रहाटणी भागातली घरं येत होती. २०१७ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, घर बचाव संघर्ष समिती उभी राहिली. घर जाणार हे सगळ्यांना समजतं, त्यामुळे माणसं एकत्र येतात. गल्ला आटतो तेव्हा मात्र प्रत्येक जण आपापल्या काउंटरमागे एकटा असतो. शेजारच्याला सांगायलाही लाज वाटते.

रस्त्यावरच्या विक्रेत्यांची गोष्ट आणखी थोडी वेगळी. त्यांच्यासाठी २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. हलवायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. शहर पथविक्रेता समिती असते, तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले प्रतिनिधी हवेत. म्हणजे गंमत बघा, कागदावर हातगाडीवाल्याला निदान नोटिशीचा हक्क आहे. गाळ्यातल्या भाडेकरूला तेवढाही नाही.

आणि भाडेकरूचं दुखणं इथे संपत नाही. आपल्याकडे बरेच गाळे अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर असतात. खोदकामाची दोन-तीन वर्षं भाडेकरू काढतो. मग मेट्रो सुरू होते. स्टेशनच्या तोंडाशी माणसांचा लोंढा येतो. गाळामालक म्हणतो, आता भाडं वाढणार. नाही परवडलं तर सोडा. म्हणजे धूळ ज्याने खाल्ली त्याला फळ मिळत नाही, आणि फळ ज्याला मिळतं त्याने धूळ खाल्लेली नसते.

गल्लीतलं जगणं

हे सगळं दुकानांचं झालं. पण रस्त्यामागे वस्ती असते. मुख्य रस्ता अरुंद झाला की दुचाकी आणि रिक्षा आतल्या गल्ल्यांत घुसतात. ज्या गल्लीत मुलं क्रिकेट खेळत होती तिथे अचानक हॉर्न वाजायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना समोरच्या देवळात, दवाखान्यात जायचं असतं, पण पत्र्यांमध्ये फट अर्ध्या किलोमीटरवर. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी, त्यात चिखल, आणि उन्हाळ्यात तीच माती नाकातोंडात. दुसरी पाळी रात्री सुटते. त्या वेळी कंपनीतून येणाऱ्या बाईला पत्र्यांच्या कडेने, दिवे नसलेल्या पट्ट्यातून चालत जावं लागतं. तिच्या दृष्टीने रस्त्यावरचं उघडं दुकान म्हणजे धंदा नव्हे, उजेड. दुकानं लवकर बंद व्हायला लागली की रस्त्यावरचा तो उजेडही जातो.

म्हणून मी म्हणते, दुकानाचा प्रश्न एकट्या व्यापाऱ्याचा नाही, तो सगळ्या वस्तीचा आहे.

बाहेर काय झालं

दोन शहरांची उदाहरणं सांगते. एकाने चूक करून शिकलं, दुसऱ्याने आधीच विचार केला.

पहिलं स्कॉटलंडमधलं एडिनबरा. तिथे ट्रामचं काम २००८ मध्ये सुरू झालं. लीथ वॉक नावाचा रस्ता आहे, छोट्या दुकानांचा. जमिनीखालच्या पाइप आणि केबल सरकवण्यासाठी तो खोदला. पण खर्च वाढला, ठेकेदाराशी भांडणं झाली, मार्ग अर्ध्यावर तोडला. मे २०१४ मध्ये ट्राम सुरू झाली, तीही लीथला न जाता. म्हणजे तिथल्या दुकानदारांनी खोदकाम सोसलं आणि ट्राम आलीच नाही. ती लीथमार्गे न्यूहेवनपर्यंत पोहोचली जून २०२३ मध्ये. आपल्या निगडी–दापोडी बीआरटीच्या रिकाम्या थांब्यांची आठवण येते की नाही? पण दुसऱ्या वेळी त्या शहराने धडा घेतला होता. दुकानांसाठी मदतीची योजना आखली, आणि माल पोहोचवण्यासाठी रस्त्यालगत खास केंद्रं ठेवली. टेम्पो तिथे थांबणार, तिथून माल दुकानात जाणार.

दुसरं अमेरिकेतलं सिएटल. तिथल्या रेनियर व्हॅली या स्थलांतरितांच्या आणि छोट्या धंद्यांच्या वस्तीतून रस्त्यावरच लाइट रेल जाणार होती. तिथे वस्तीसाठी पाच कोटी डॉलरचा निधी प्रकल्पाबरोबरच बाजूला काढला गेला. त्यातून बांधकामाच्या काळात नुकसान झालेल्या दुकानांना पैसे मिळाले. २००९ मध्ये रेल्वे सुरू झाली. तिथेही सगळी दुकानं वाचली असं नाही. पण ‘तुमचं नुकसान होणार आहे हे आम्हाला माहीत आहे’ हे पैशांच्या भाषेत आधी मान्य केलं गेलं.

पैसे कुठून आणायचे?

आता कोणी म्हणेल, अमेरिकेकडे पैसा आहे, आपण कुठून आणायचा? उत्तर आपल्या खरेदीखतातच आहे. १ एप्रिल २०२२ पासून पुण्यात, पिंपरी-चिंचवडमध्ये घर किंवा गाळा घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. तुम्ही चिखलीला फ्लॅट घेतला असेल तर तो भरला असेल. याचा अर्थ काय? मेट्रोमुळे मालमत्तेची किंमत वाढते, म्हणून त्यातला वाटा सरकारने घ्यावा, हे तत्त्व मान्य झालेलं आहे. स्टेशनभोवती जादा एफएसआय द्यायचा आणि त्यावर अधिमूल्य घ्यायचं, तेही मान्य आहे. फायद्यात वाटा घेता येतो, तर तोट्यातही वाटा उचलायला हवा.

किती लागेल? निगडीच्या टप्प्याचा खर्च सुमारे ९१० कोटी. त्याचा एक टक्का म्हणजे ९ कोटी १० लाख. समजा, केवळ समजा, जास्त झळ बसणारी ५०० दुकानं आहेत. प्रत्येकाच्या वाट्याला १ लाख ८२ हजार येतात. आपल्या त्या नाश्ता सेंटरचा महिन्याचा तोटा होता २५,२००. म्हणजे शंभरातल्या एका रुपयात सात महिन्यांचा पूर्ण तोटा भरून निघतो. खर्च वाढला म्हणून जेव्हा प्रकल्पांचे आकडे सुधारले जातात, तेव्हा एक टक्का कोणाच्या लक्षातही येत नाही. इथे मात्र त्या एका टक्क्यात दुकान जगतं.

आणि काही गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत. पाइप आणि केबलवाल्या सगळ्या खात्यांनी एकाच वेळी खोदायचं. दोन्ही बाजू एकदम बंद करायच्या नाहीत. ज्या तुकड्यात काम चालू नाही तिथले पत्रे काढून घ्यायचे. थोड्या थोड्या अंतरावर फट ठेवायची. माल उतरवायची ठरलेली वेळ द्यायची. दुकानांची नावं पत्र्यावर लिहायची, म्हणजे गिऱ्हाइकाला कळतं की मागे दुकान चालू आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तारीख सांगायची. दुकानदार तोटा सोसतो, पण किती दिवस ते माहीत नसेल तर तो गाळा ठेवायचा की सोडायचा हेही ठरवू शकत नाही.

चाकणवाल्यांनो, ऐका

हा भाग मी आत्ताच का करते आहे? कारण पुढची पाळी नाशिक रस्त्याची आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने नाशिक फाटा ते खेड हा आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. तीस किलोमीटर, ७,८२७ कोटी. भोसरी, मोशी, चाकण, राजगुरुनगर. निगडी ते चाकण मेट्रोचीही मागणी आणि आखणी चालू आहे. गरज आहेच, तळेगाव चौकातली कोंडी ज्याने भोगली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पण चाकणच्या त्या रस्त्यावर कोण आहे? खानावळी, टायरवाले, वजनकाटे, हार्डवेअर, गॅरेज, कामगारांना खोल्या भाड्याने देणारे. माल आणि माणूस दोन्ही रस्त्यावरच अवलंबून. तिसऱ्या प्रकारची दुकानं बहुतेक.

तुमच्याकडे पत्रे लागायच्या आधी वेळ आहे, तर चार कामं करून ठेवा.

एक, आजचा धंदा नोंदवा. नंतर ‘नुकसान झालं’ म्हणताना आधी किती होता हे दाखवावं लागतं. यूपीआयचं स्टेटमेंट, वीजबिल, माल खरेदीची बिलं, जीएसटी असेल तर त्याची विवरणपत्रं, एका फाइलमध्ये. रोखीचा धंदा असेल तर रोजची वही.

दोन, दुकानासमोरच्या रस्त्याचे, फुटपाथचे, भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

तीन, एकेकट्याने अर्ज करू नका. शंभर मीटरच्या तुकड्यातली सगळी दुकानं मिळून एक यादी करा: दुकान, भाड्याचं की मालकीचं, किती कामगार, माल कधी उतरतो, गिऱ्हाईक चालत येतं की गाडीने. ही यादी काम करणाऱ्या यंत्रणेला, नगरपालिकेला आणि वाहतूक पोलिसांना द्या आणि पोच घ्या. कामाचं वेळापत्रक माहिती अधिकारात मागा. उत्तराची मुदत तीस दिवस आहे.

चार, भाडेकरार करताना एक ओळ घाला: समोर काम सुरू होऊन रस्ता बंद झाला तर त्या काळापुरतं भाडं अमुक इतकं कमी होईल. मालक लगेच हो म्हणेल असं नाही. पण गाळा रिकामा राहण्यापेक्षा कमी भाडं त्यालाही परवडतं. बोलणी आधी झालेली बरी.

आणि आपण गिऱ्हाइकांनी काय करायचं? सोपं आहे. पत्र्यांना वळसा घालून जायचं. ऑनलाइन मागवायचं बटण दाबण्याआधी आठवायचं की आपल्याला वर्षानुवर्षं उधारीवर दूध देणारा माणूस त्या पत्र्याच्या मागे बसला आहे.

मेट्रो शंभर वर्षांसाठी येते, तीन वर्षांच्या त्रासाचं काय घेऊन बसलात, असं मोठी माणसं म्हणतात. खरं आहे. शहराला शंभर वर्षं असतात. दुकानदाराला मात्र पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला भाडं द्यायचं असतं. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात या पाच तारखेसाठी एक रकाना असायला हवा, एवढीच माझी मागणी आहे.

तुमच्या रस्त्यावर काम चालू असेल, किंवा होऊन गेलं असेल, तर तुमचा हिशोब आम्हाला पाठवा. तक्रार चालेल, पण आकडे असतील तर जास्त चांगलं. आकड्यांना नाही म्हणणं अवघड जातं. पुढच्या भागात भेटूच.